उसन्या सैन्याची जादू

सर्व सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. नाटकमंडळ्यांच्या मालकांना हिचा अनुभव जेवढा आला असेल, त्याहून अधिक तो चित्रपटाच्या धंद्यांतील लोकांना येतो. राजवाडा पुठ्ठ्याचा चालतो, दागिने पितळेचे चालतात. परंतु रणांगणावर दहा हजारांचें सैन्य उतरवावयाचें म्हटलें कीं, पडद्यावर तितकीं डोकीं दिसावीं लागतात. आणि तें सैन्य जर छायाचित्रांतलें नसून हातानें काढलेलें असेल, तर त्यांतील प्रत्येक भाला व प्रत्येक घोडा कोणीतरी चिताऱ्यानें पुनःपुन्हां रेखाटावा लागतो. १९७७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या 'विझर्ड्स', म्हणजे 'जादुगार', ह्या चित्रपटाच्या कर्त्यापुढें नेमका हाच प्रश्न उभा राहिला. तो त्यांनीं कसा सोडविला, आणि सोडवितांना स्वतःच्याच कथेंतील एका दुष्ट पात्राच्या किती जवळ ते जाऊन पोंचले, ही हकीकत चित्रपटाच्या इतिहासांत लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

प्रथम थोडा हिशेब पाहिला पाहिजे. पडद्यावर दर सेकंदास २४ स्थिर चित्रें एकामागून एक येतात आणि डोळ्यांना हालचालीचा भास होतो. नेहमींच्या चित्रपटांत हीं चित्रें कॅमेरा टिपतो. हस्तचित्रित चित्रपटांत तीं माणसांना काढावीं लागतात. मिनिटाला १,४४० ह्या मानानें ८० मिनिटांच्या चित्रपटास १,१५,२०० चित्रें लागतात. एकच रेखाटन दोन वेळां टिपून काम निम्म्यावर आणण्याची युक्ति ह्या धंद्यांत सर्रास वापरली जाते. तरीहि ५७ हजारांवर रेखाटनें उरतातच, आणि एका दृश्यांत चार पात्रें असलीं तर श्रम त्या मानानें वाढतात. वॉल्ट डिस्ने ह्यांच्या १९३७ सालच्या 'स्नो व्हाइट'ला सुमारें १५ लाख डॉलर खर्च आला होता. त्यानंतर चाळीस वर्षांनीं, डॉलरची किंमत पुष्कळच उतरलेली असतांना, 'विझर्ड्स'चा एकूण खर्च २० लाख डॉलरांपलीकडे गेला नाहीं. त्याच वर्षीं त्याच ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीनें लोकांपुढें आणलेल्या 'स्टार वॉर्स'ला सुमारें १ कोटि १० लाख डॉलर लागले. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर पृथ्वीचा प्रलय, त्यानंतरचीं लाखों वर्षें, पऱ्यांचें राज्य आणि एक महायुद्ध दाखविण्याचा संकल्प करणें हें साहसच होतें.

हें साहस करणारे गृहस्थ राल्फ बाक्शी. त्यांचा जन्म १९३८ सालीं पॅलेस्टाइनमधील हैफा ह्या शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. १९३९ सालीं युद्धाच्या भीतीनें त्यांच्या मातापित्यांनीं अमेरिकेची वाट धरली आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील ब्राउन्सव्हिल ह्या गरीब वस्तींत तें कुटुंब वाढलें. १९५६ सालीं औद्योगिक कलेच्या शाळेंतील शिक्षण पुरें करून बाक्शी टेरीटून्स ह्या व्यंगचित्रपटांच्या कारखान्यांत शिरले. तेथें त्यांना पहिलें काम मिळालें तें चित्रांच्या पारदर्शक तकट्या पुसून स्वच्छ करण्याचें. ह्या खालच्या पायरीवरून ते दिग्दर्शकपदापर्यंत चढले. १९७२ सालच्या 'फ्रिट्झ द कॅट' ह्या त्यांच्या चित्रपटाला केवळ प्रौढांसाठीं असल्याचें प्रमाणपत्र मिळालें. अमेरिकेंत हस्तचित्रित चित्रपटावर असा शिक्का बसण्याची ती पहिलीच वेळ. १९७३ सालचा 'हेवी ट्रॅफिक' आणि १९७५ सालचा 'कूनस्किन' हे चित्रपटहि शहरांतील दारिद्र्य, हिंसा व वर्णद्वेष ह्यांविषयींचे होते. पैकीं दुसऱ्यावर मोठें वादळ उठलें. त्यानंतर, लहानमोठ्यांनीं एकत्र बसून पाहावा असा, परंतु आशयानें तितकाच तीव्र चित्रपट काढावा, असें बाक्शी ह्यांनीं मनांत घेतलें. 'विझर्ड्स' हें त्याचें फळ.

कथा प्रलयापासून सुरू होते. पांच दहशतवाद्यांनीं उडविलेल्या पहिल्या अणुस्फोटांतून सर्व पृथ्वी जळून जाते. विषारी ढग विरावयास वीस लाख वर्षें लागतात. जीं माणसें वांचतात त्यांची संतति विकृत रूपाची होते आणि तप्त, ओसाड प्रदेशांत कशीबशी तगून राहते. उरलेल्या सुपीक भूमींत पृथ्वीचे मूळचे रहिवासी, म्हणजे पऱ्या, यक्षांसारखे वनवासी आणि बुटके लोक, परत येऊन नांदूं लागतात; ह्या देशाचें नांव माँटागार. तेथील राणी डीलिया हिला पुढें जुळे पुत्र होतात व दोघेहि जादुगार निपजतात. एक प्रेमळ, आईची करमणूक करीत बसणारा; त्याचें नांव अवतार. दुसरा विद्रूप व क्रूर, मुक्या जीवांना छळण्यांत आनंद मानणारा, तो ब्लॅकवुल्फ. आईच्या मृत्यूनंतर राज्यासाठीं दोघांची झुंज होते. ब्लॅकवुल्फ हरतो आणि स्कॉर्च नांवाच्या वैराण मुलखांत जाऊन सूडाची तयारी करूं लागतो.

येथवरची कथा कोणत्याहि देशाच्या आजीबाईनें सांगावी अशी आहे. तिला खरी कलाटणी मिळते ती पुढेंच. ब्लॅकवुल्फ प्राचीन युगांतील यंत्रें व शस्त्रें जमिनींतून उकरून काढतो, फौजा उभारतो, स्वाऱ्याहि करतो. परंतु त्याचे सैनिक लढतां लढतां कंटाळतात, भलत्याच नादीं लागतात आणि हातचा विजय घालवून बसतात. शस्त्रें पुष्कळ आहेत, पण कशासाठीं लढावयाचें हें कोणालाच ठाऊक नाहीं. अखेर त्याला अवशेषांमध्यें एक जुनें चित्रपट दाखविण्याचें यंत्र आणि कांहीं फितींचीं वेटोळीं सांपडतात. त्या फिती हिटलरच्या प्रचाराच्या असतात. त्यांतील शिस्तबद्ध पलटणी, निशाणें, गर्जना हें सर्व तो आपल्या जादूनें रणभूमीच्या आकाशांत उमटवितो. तें पाहून त्याच्या सैनिकांना चेव येतो. आणि ज्यांनीं असलें कांहीं स्वप्नांतहि पाहिलेलें नाहीं ते माँटागारचे भोळे रक्षक जागच्या जागीं थिजून मारले जातात. बंदूक जें करूं शकली नाहीं, तें चित्र करतें.

ही कल्पना हवेंतून आलेली नव्हती. न्यूरेंबर्ग येथें १९३४ सालीं भरलेल्या नाझी पक्षाच्या मेळाव्यावर लेनी रीफेनश्टाल हिनें काढलेला चित्रपट १९३५ सालीं प्रसिद्ध झाला. मेळाव्याची आंखणीच कॅमेरा डोळ्यांपुढें ठेवून झाली होती, असें त्या चित्रपटाकडे पाहतां म्हणावें लागतें. समोरच्या गर्दीला आपण एक प्रचंड शक्ति आहों असें वाटावें, आणि घरीं बसलेल्याला ह्या शक्तीपुढें आपण एकटे आहों असें वाटावें, हें दुहेरी काम असल्या चित्रांनीं केलें. त्याची परिणति साठ लाख यहुद्यांच्या संहारांत झाली. वर्षाच्या आंतबाहेरचें मूल असतांना मातापित्यांच्या कडेवर युद्धापासून दूर गेलेल्या बाक्शींना हा इतिहास परका नव्हता. इस्राएलची स्थापना, यहुद्यांचा संहार आणि पुन्हां डोकें वर काढूं पाहणारी नाझी वृत्ति, हाच आपल्या चित्रपटाचा विषय होता, असें त्यांनीं पुढें स्पष्टपणें सांगितलें आहे. पऱ्या व जादुगार हा वरचा पोषाख होता.

आतां हें सारें थोडक्या पैशांत दाखवावयाचें कसें? बाक्शी ह्यांनीं एक शहाणपणाची गोष्ट केली. सर्व चित्रपट एकाच शैलींत काढण्याचा हट्ट न धरतां, जेथें जें स्वस्तांत उत्तम होईल तेथें तें वापरलें. कथेचा पूर्वेतिहास सांगतांना त्यांनीं चित्रें हलविलींच नाहींत. माइक प्लूग ह्या चित्रकाराचीं तपकिरी छटेचीं स्थिर चित्रें पडद्यावर येतात, कॅमेरा त्यांवरून सावकाश फिरतो आणि एक स्त्री गंभीर आवाजांत कथा सांगते. जुन्या पोथींतील चित्रें उलगडून दाखवावीं तसा हा प्रकार आहे. खर्च अत्यल्प, पण प्रलयानंतरच्या अफाट काळाची जाणीव त्यांतून चांगली होते. स्कॉर्चच्या भकास किल्ल्यांचीं व कोसळलेल्या यंत्रनगरांचीं पार्श्वभूमीचीं चित्रें इयन मिलर ह्या इंग्रज चित्रकारानें काढलीं. त्यांतील बारीक शाईच्या रेघांची गुंतागुंत पाहून डोळा थक्क होतो. तीं हलत नाहींत हें लक्षांतहि येत नाहीं. हालचालीचें काम ज्यांच्याकडे होतें त्यांत आयर्व्हन स्पेन्स हे 'टॉम अँड जेरी'च्या काळापासूनचे मुरलेले कारागीर होते. माँटागारच्या दृश्यांत गोलाकार, उजळ व्यंगचित्रें आणि स्कॉर्चच्या दृश्यांत काळवंडलेलें कोरीव काम, असा भेद त्यामुळें आपोआप झाला.

परंतु लढाया राहिल्या. शेवटचें युद्ध रंगवावयास घेतलें तेव्हां पैसे संपत आले होते. फॉक्सचे प्रमुख अ‍ॅलन लॅड, धाकटे, ह्यांच्याकडे बाक्शींनीं आणखी रक्कम मागितली. ती मिळाली नाहीं. त्याच बैठकींत 'स्टार वॉर्स'चे कर्ते जॉर्ज ल्यूकस ह्यांनींहि वाढीव पैसे मागितले होते व त्यांनाहि नकारच मिळाला, असें सांगतात. बाक्शींनीं मग स्वतःच्या खिशांतले पैसे घातले, आणि तेवढ्यानेंहि भागेना तेव्हां एक जुनी युक्ति बाहेर काढली.

ह्या युक्तीचें इंग्रजी नांव 'रोटोस्कोप'. मॅक्स फ्लायशर ह्या न्यूयॉर्कच्या व्यंगचित्रपटकारानें तिचें एकस्व १९१७ सालीं मिळविलें. प्रत्यक्ष माणसांचें चलच्चित्र घ्यावयाचें, त्यांतील एकेक चित्र कांचेखालून प्रकाश टाकून मोठें करावयाचें, आणि वर कागद ठेवून तें गिरवावयाचें. म्हणजे रेखाचित्राला माणसाची खरी हालचाल मिळते. पाटीवर अक्षर गिरवून लेखन शिकणाऱ्या मुलाला ही पद्धति समजावून सांगण्याची गरज नाहीं. बाक्शींनीं तींत दोन बदल केले. गिरवण्यासाठीं स्वतः माणसें नाचवून त्यांचें चित्रण करण्याऐवजीं त्यांनीं जुन्या गाजलेल्या युद्धपटांतील फिती घेतल्या. आणि कांचेवर ताटकळत बसण्याऐवजीं आयबीएम कंपनीच्या कागदी प्रति काढण्याच्या एका मोठ्या नव्या यंत्रांतून फितींतील एकेक चित्राची मोठी प्रत काढतां येईल काय, ह्याचा तपास केला. प्रयोग साधला, दर कागदास एक सेंट ह्या दरानें लागतील तेवढीं चित्रें हातीं आलीं. त्यांवर काळी शाई चढवून मधला तपशील नाहींसा केला, डोळे लाल केले, डोक्यांवर शिंगें चढविलीं, मागें रंगीत धुराचें आकाश घातलें, आणि ब्लॅकवुल्फची सेना उभी राहिली.

ह्या सेनेची वंशावळ मोठी चमत्कारिक आहे. तींत १९६४ सालच्या 'झुलू'मधील आफ्रिकन योद्धे आहेत, १९६१ सालच्या 'एल सिद'मधील स्पेनचे घोडेस्वार आहेत, 'पॅटन' आणि 'बॅटल ऑफ द बल्ज' ह्या चित्रपटांतील दुसऱ्या महायुद्धाचे रणगाडे आहेत. आणि सर्गेई आयझेन्स्टाइन ह्यांच्या १९३८ सालच्या 'अलेक्झांडर नेव्हस्की'मधील शिरस्त्राणधारी जर्मन सरदारहि आहेत. हा शेवटचा चित्रपट स्वतःच प्रचारासाठीं निर्माण झाला होता. १२४२ सालीं गोठलेल्या सरोवरावर रशियनांनीं जर्मन आक्रमकांना कसें हरविलें ह्याची ती कथा. रोख अर्थात् हिटलरवर होता. १९३९ सालीं रशिया व जर्मनी ह्यांचा करार होतांच तो चित्रपट गुंडाळून ठेवण्यांत आला आणि १९४१ सालीं जर्मनीनें रशियावर हल्ला करतांच पुन्हां लोकांपुढें आणण्यांत आला. एकच फीत एका वर्षीं नकोशी होते व दुसऱ्या वर्षीं शस्त्र बनते, ह्याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल. तिच्यांतले सरदार चाळीस वर्षांनीं एका ब्रुकलिनच्या चिताऱ्याच्या हातून काळे रंगविले जाऊन भलत्याच युगांतल्या लढाईवर निघाले.

आतां थोडा विचार केला तर एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. ज्याच्याजवळ पुरेसें सैन्य नाहीं असा एक जादुगार जुन्या फितींचीं वेटोळीं शोधून काढतो, तीं प्रकाशापुढें धरतो आणि त्यांतील छायांच्या बळावर आपलें सैन्य अफाट भासवितो, ही ब्लॅकवुल्फची कथा झाली. पण हीच अक्षरशः बाक्शींचीहि कथा आहे. त्यांनींहि दुसऱ्यांच्या युद्धांच्या फिती जमविल्या, त्यांतील मेलेल्यांना उठविलें, आणि आठ-दहा चिताऱ्यांच्या हातून जें झालें नसतें तें छायांकडून करवून घेतलें. तपशील पुसून टाकला तर तीं दृश्यें अधिक सुंदर व अधिक खरीं वाटतील, असें आपल्याला वाटलें, हें त्यांनीं मुलाखतींत सांगितलें आहे. तें खरेंहि ठरलें. बाकीचा चित्रपट चित्रकथेसारखा वाटतो. त्या काळ्या घोडेस्वारांच्या रांगा मात्र मनांत भय उत्पन्न करतात, कारण त्यांची चाल खऱ्या माणसांची व खऱ्या घोड्यांची आहे. परंतु चेहरा पुसला कीं माणूस भयंकर होतो, हेंच प्रचाराचेंहि पहिलें सूत्र आहे. झुलू योद्धा आपल्या घरासाठीं लढत होता कीं जर्मन सरदार दुसऱ्याचें घर लुटावयास निघाला होता, हा भेद त्या काळ्या शाईखालीं उरत नाहीं. सारेच सारखे राक्षस होतात.

मग दोघांत फरक कोणता? फरक एवढाच कीं, ब्लॅकवुल्फ आपलें यंत्र लपवितो आणि बाक्शी तें दाखवितात. चित्रपटाच्या मध्यभागींच फीत, दिवा व पडदा मांडून ठेवलेले आहेत. सैनिकांना आकाशांत दैवी साक्षात्कार दिसतो. प्रेक्षकाला मात्र तो साक्षात्कार कोठून निघतो, कोण हातानें फिरवितो, हें दिसतें. जादूचा खेळ करणारा आणि लोकांना लुबाडणारा ह्यांच्या हातचलाखींत भेद नसतो. भेद असतो तो हा खेळ आहे असें सांगण्यांत. ज्यानें हा चित्रपट लक्षपूर्वक पाहिला, त्याला पुढें कोणत्याहि पुढाऱ्याचा मेळावा पडद्यावर पाहतांना दिव्याची जागा शोधावीशी वाटली, तर तें त्याचें मोठें यश म्हणावें लागेल.

शेवट मात्र वादाचा आहे. अवतार, राजकन्या एलिनोर, वनवासी योद्धा वीहॉक, आणि मारेकऱ्याचा सोबती बनलेला पीस नांवाचा यंत्रमानव, असा चौघांचा मेळा तें यंत्र फोडण्यासाठीं स्कॉर्चकडे निघतो. अखेरीस दोघे भाऊ समोरासमोर येतात. प्रेक्षक मंत्रयुद्धाची वाट पाहत असतो. बुटका, दाढीवाला, चिरूट ओढणारा म्हातारा अवतार भावाला म्हणतो कीं, आईनें शिकविलेली एक युक्ति तुला दाखवितों; बाहींतून पिस्तूल काढतो आणि गोळी झाडतो. संपूर्ण चित्रपटभर यंत्रांचा व शस्त्रांचा धिक्कार करणाऱ्या कथेचा निकाल एका पिस्तुलानें लागावा, ह्यामुळें कित्येक प्रेक्षक चिडले, कित्येक हंसले. परंतु नायकाला दिलेलें नांव आपल्या भाषेंतील आहे, आणि आपल्या वाचकांना तरी ह्या शेवटाचें एवढें आश्चर्य वाटूं नये. भारतीय युद्धांत शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या श्रीकृष्णानेंहि भीष्मापुढें अर्जुनाचें चालेना तेव्हां चक्र उचललें होतें. त्या वेळीं मोडलेली प्रतिज्ञा मोडलेलीच राहिली. व्यासांनीं ती झांकून ठेवली नाहीं. बाक्शींनींहि झांकलेली नाहीं. अवताराच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंद नाहीं. त्यानें आपला सख्खा भाऊ मारलेला आहे. ज्याच्या कुळाचा संहार झाला त्यानें शस्त्र घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न १९४५ नंतर अनेकांपुढें उभा राहिला, आणि त्याचें उत्तर आनंदानें देतां येत नाहीं, एवढेंच ह्या शेवटांतून कळतें.

चित्रपट ९ फेब्रुवारी १९७७ रोजीं प्रसिद्ध झाला. त्याचें मूळ नांव 'वॉर विझर्ड्स' असें होतें. 'स्टार वॉर्स'शीं घोंटाळा होऊं नये म्हणून ल्यूकस ह्यांनीं तें बदलण्याची विनंति केली. त्यांच्याच चित्रपटांतील तरुण नट मार्क हॅमिल ह्याला एका लहान भूमिकेस आवाज देण्यासाठीं त्यांनीं मोकळें केलें होतें. त्याची जाण ठेवून बाक्शींनीं 'वॉर' हा शब्द गाळला. खर्चाच्या कितीतरी पट उत्पन्न झालें, आणि गिरवण्याच्या युक्तीवर बाक्शींचा एवढा विश्वास बसला कीं, १९७८ सालचा 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' त्यांनीं मुख्यतः तिच्याच आधारें केला. त्या वेळीं मात्र दुसऱ्यांच्या फिती न घेतां स्पेनमध्यें माणसें व घोडे जमवून स्वतंत्र चित्रण केलें.

'विझर्ड्स'मध्यें दोष पुष्कळ आहेत. विनोद मधूनच थिल्लर होतो, कथेचे सांधे उघडे पडतात, आणि एका शैलींतून दुसरींत जातांना गाडीला खडखडाट होतो. तरी त्यांतील एक दृश्य विसरतां येत नाहीं. ब्लॅकवुल्फ पडल्यावर वीहॉक त्या यंत्रापाशीं जातो आणि तें फोडून टाकतो. आकाशांतलीं निशाणें व पलटणी एका क्षणांत नाहींशा होतात. रणांगणावर विकृत देहांचे ते हजारों सैनिक तसेच उभे असतात. हातांत शस्त्रें असतात, शत्रूहि समोर असतो. परंतु लढावयाचें कशासाठीं हें त्यांना आठवत नाहीं. कोणी शस्त्र खालीं टाकतो, कोणी पाठ फिरवून चालूं लागतो. इतका वेळ जे राक्षस दिसत होते, ते दमलेले, भ्यालेले जीव होते, हें तेव्हां प्रथम दिसतें.